आशाबाईंची बारी

खुशालरावांच्या घरात सकाळी साडेनऊला गोंधळ सुरू झाला आणि त्याचं खापर पहिल्या पाच मिनिटांतच अमरावतीच्या लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर फुटलं. फोडणारे अर्थातच खुशालराव. कुठलीही वस्तू बिघडली की ती कोणी बिघडवली हे आधी ठरवायचं आणि मग ती उघडून पाहायची, ही त्यांची रीत. शेतातली मोटर असो की घरातला मिक्सर, आरोपी आधी, तपास मागून.

"म्या तवाच म्हनलं होतं," ओसरीत येरझारा घालत ते म्हणाले, "नुसती बिजागरी बसवाची होती. त्यासाठी आठ दिवस ठेवून घेतला त्यानं. आतलं काय काय काढून घेतलं, कोन पायते!"

"बाबा, लॅपटॉप बरोबर चालू हाय. फक्त घरचं नेट नाई लागून राहिलं," रागिणी म्हणाली.

रागिणी त्यांची धाकटी. चांदूर रेल्वे या त्यांच्या गावातच एका शिकवणीत गणित शिकवते, त्यामुळे बापासारखं आधी उत्तर सांगून मोकळं होणं तिला जमत नाही. ती पलंगावर लॅपटॉप ठेवून, जमिनीवर मांडी घालून बसली होती. लॅपटॉपला घरच्या वायफायचं नाव दिसत होतं. पासवर्ड टाकला की तो गोल गोल फिरायचा, आपण काहीतरी करतोय असं भासवायचा आणि मग पाटी लावायचा, या नेटवर्कला जोडता येत नाही. तिचा मोबाइल मात्र त्याच वायफायवर सुरळीत चालला होता. आईचाही. बापाचाही.

लॅपटॉप काल संध्याकाळीच घरी आला होता. थोरला गोपाल नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे आणि तिकडेच खोली करून राहतो. रविवारी घरी येताना त्यानं तो अमरावतीच्या दुकानातून उचलून आणला, आईच्या हातात दिला आणि शेवटच्या गाडीनं परत गेला. चालू होतो एवढं पाहून सगळे झोपले. नेट लागतं का, हे कोणी पाहिलं नाही.

आणि आज अकरा वाजता आशाबाईंची परीक्षा होती.

आशाबाई आत, देवघराशेजारच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. लग्नकार्याला नेसायचं हिरवं लुगडं, डोळ्यांवर चष्मा, हातात कागद आणि ओठ सारखे हलत असलेले. पन्नाशीच्या या बाई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. पेपर सगळे झाले होते, उरली होती ती प्रकल्पाची तोंडी परीक्षा. तीही कॅमेऱ्यासमोर. सूचना स्पष्ट होत्या. लॅपटॉपवरूनच जोडायचं, मोबाइल चालणार नाही, अकराला हजर नसलात तर गैरहजर. गैरहजर म्हणजे वर्ष गेलं.

खुशालरावांच्या सकाळपासूनच्या येरझारा होत्या त्या याच्यासाठी. बायकोचं परीक्षेचं वर्ष जाणं म्हणजे काय, हे त्यांना एकदा पाहून ठाऊक होतं. आशाबाई अकोल्याच्या. बत्तीस वर्षांपूर्वी त्या बारावीला होत्या आणि खुशालरावांच्या वडिलांनी लग्नाची तिथी धरली ती नेमकी इंग्रजीच्या पेपरची. मुलीकडचे हात जोडून म्हणाले, आठ दिवस पुढे घ्या. वडील म्हणाले, तिथी काय भाजीचा ठेला आहे पुढे ढकलायला? खुशालराव तेव्हा चोवीस वर्षांचे, घोड्यावर बसायला उतावीळ. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पुढे आशाबाईंनी बाजारासाठी मेथी-सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता, पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून बारावी दिली आणि पास झाल्या. त्यांच्या अभ्यासाबद्दल खुशालरावांनी कधी चकार शब्द काढला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. लग्नाच्या वेळचा तो न काढलेला शब्द त्यांना टोचत होता, पण तो बायकोला सांगावा हे काही सुचलं नाही. लाज वाटायची, आणि लाज वाटली की ते मोटर पाहायला शेतात जायचे.

"गोपालले फोन लाव," ते म्हणाले.

गोपाल फोनवर आला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. रागिणीनं स्पीकर चालू केला. त्यानं एकेक सांगितलं, तिनं एकेक केलं. राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू केला. लॅपटॉपही. लॅपटॉपमधलं वायफायचं नाव पुसून पासवर्ड पहिल्यापासून टाकला. प्रत्येक वेळी खुशालराव पाठीमागून मान पुढे काढून पाहायचे आणि प्रत्येक वेळी तीच पाटी.

"तुया मोबाइलचं नेट देऊन पाय त्याले," गोपाल म्हणाला.

हे घरात बसून होण्यासारखं नव्हतं. या गल्लीत मोबाइलवर बोलता येतं, पण मोबाइलचं नेट फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तरच सापडतं. म्हणून तर खुशालरावांनी दोन वर्षांपूर्वी तारेचं नेट घेतलं होतं, गल्लीत पहिलं आणि अजूनही एकमेव. रागिणी लॅपटॉप घेऊन धावत वर गेली आणि पाच मिनिटांनी घामाघूम होऊन खाली आली.

"वरती लागलं. पन दोन मिन्टात तीनदा तुटलं. तिथं बसून परीक्षा नाई होनार. पन दादा, लॅपटॉपमधे काही खराबी नाई, हे पक्कं."

अमरावतीचा माणूस निर्दोष सुटला. खुशालरावांना वाईटच वाटलं.

"मंग तं राउटरच ऐकत नाई," गोपाल म्हणाला. "तुमचे सगळ्याइचे मोबाइल घेते, अन् लॅपटॉपले दारातून वापस पाठवते. जसं काही त्याचं नाव कोनी यादीतून काढून टाकलं."

येरझारा घालणारे खुशालराव जिथे होते तिथेच थांबले.

आता यांच्या यादीची गोष्ट सांगायलाच हवी. खुशालरावांची आणि त्यांचा चुलतभाऊ धर्मेंद्र यांची विहीर सामायिक. पाण्याची बारी, म्हणजे पाळी, लावणारे खुशालराव. कोणाची मोटर कुठल्या दिवशी, किती तास, हे खिशातल्या डायरीत लिहिलेलं. या बाबतीत माणूस इतका चोख, की आठ वर्षांपूर्वी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण होऊन दोघांचं बोलणं बंद झालं, तरी बारी एक दिवस चुकली नाही. चिठ्ठी मोटरच्या खोपटात खिळ्याला लावलेली असते, धर्मेंद्र येऊन वाचतो आणि थुंकून निघून जातो. विहिरीचा नियमही साधा. ज्याचं वावर रिकामं, त्याची बारी पुढच्याला. पाणी पडून राहू द्यायचं नाही. आणि ज्याला परत हवी, त्यानं ती मागून घ्यायची, हिसकून नाही.

घरात नेट आलं तेव्हा महिन्याभरातच ते रांगायला लागलं. मारुतीच्या पारावरची पोट्टी पासवर्ड काढून सिनेमे पाहत होती. खुशालराव चिडले. नेट जोडणाऱ्या माणसाला बोलावलं आणि त्यानं मोबाइलवर एक यादी उघडून दाखवली. यादीत नाव असेल तेवढ्यालाच राउटर आत घेईल, पासवर्ड ठाऊक असला तरी बाकीच्यांना नाही. जागा आठ. खुशालरावांना ही युक्ती एवढी आवडली की ते दिवसभर खूश होते. ही तर सरळ विहीरच झाली! प्रत्येक मोबाइलचा लांबलचक नंबर त्यांनी डायरीत उतरवला आणि ओट्यावर उभं राहून गल्लीला ऐकवलं की आजपासून खुशालरावच्या घरचं नेट कोणालाच मिळणार नाही, बापजन्मात नाही.

इथवर सगळं गल्लीला ठाऊक होतं. पुढचं मात्र कोणालाच नाही.

"रागिणी," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "तुयी माय आतच हाय ना?"

"आतच हाय. काहून?"

"लॅपटॉप आठ दिवस घरी नव्हता," ते म्हणाले. "त्याची बारी रिकामी पडून राहिली होती. म्या ते दीक्षाले देऊन टाकली."

रागिणीनं लॅपटॉपवरून मान वर केली.

"कोनती दीक्षा?"

"मागच्या आळीतली. तिले पोलीस भरतीचा अभ्यास कराचा होता. आली अन् रडाले लागली. अन् काल लॅपटॉप आला तं माया ध्यानातूनच गेलं."

साडेदहा वाजले होते. रागिणीला चिडायला वेळ नव्हता. यादी उघडा, एक नाव काढा, लॅपटॉपचं घाला, एवढंच काम. खुशालरावांनी आपल्या मोबाइलवर यादी उघडली आणि मोबाइल छातीशी धरला.

"तू नको पाहू. मी करतो."

"कोनाचं काढता?"

खुशालरावांनी यादीवर नजर फिरवली. एकेका नावावर अंगठा नेला आणि मागे घेतला. शेवटी म्हणाले, "मायंच काढतो."

"बाबा, तुमचं काढलं की तुमचा मोबाइल तिथंच बंद पडन. मंग लॅपटॉपचं नाव कशावरून घालान? ज्या फांदीवर बसले तेच तोडता काय?"

हे खरं होतं. दुसऱ्याच्या मोबाइलवरून करायला हवं होतं, म्हणजे यादी दुसऱ्याला दाखवायला हवी होती. दोन वर्षांत ही वेळ आली नव्हती. खुशालरावांनी रागिणीला यादीचा पासवर्ड सांगितला, तिनं आपल्या मोबाइलवर यादी उघडली, आणि खुशालराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

"आई, मी, तुमी," रागिणी वाचू लागली. "दीक्षा. मनकर्णाबाई? बाबा, मनकर्णाबाई नेटवर काय करते?"

"कीर्तन आयकते. एकटी राहते ते."

"गंगूबाई?"

"तिले ब्लाउजचे नमुने पाहा लागते. शिवनकाम हाय तिचं."

"देवीदासकाका?"

"त्याच्या दुकानात टॉवर नाई लागत. गोपाल नांदगाव पेठेले गेला, त्याची जागा रिकामीच होती."

"म्हंजे काल संध्याकाळी मायं नेट लागत नव्हतं ते यासाठी!" फोनमधून गोपाल ओरडला. "अन् तुमी म्हने, हवा सुटली, तार हालून राहिली!"

पण रागिणीचं लक्ष आठव्या नावावर होतं. तिनं ते दोनदा वाचलं. "अपेक्षा. धर्मेंद्रकाकाची अपेक्षा?"

"तिची बारावी हाय," खुशालराव कॅलेंडरला म्हणाले. "मोठेबाबा, मोठेबाबा करत आली. भांडन तिच्या बापाशी हाय, पोरीशी थोडीच हाय? अन् बारावीचं वर्ष हाय तिचं. ते नाई गेलं पायजे."

रागिणीला हसू आलं. या माणसानं दोन वर्षं ओट्यावर बसून गल्लीला दम दिला होता आणि मागच्या दारानं प्रत्येकाला एकेक करून आत घेतलं होतं. आपलं नाव काढायला त्याला क्षणभर लागत नव्हता, दुसऱ्याच्या नावावर मात्र अंगठा टेकत नव्हता. आईचा मोबाइल ठेवणं भागच होतं, परीक्षेचा कोड त्यावर येणार होता. तिनं 'बाबा' पुसलं. खुशालरावांनी डायरी काढून लॅपटॉपचा नंबर वाचून दाखवला, आकडा, अक्षर, आकडा, अक्षर, सातबारा वाचावा तसा. राउटरचा दिवा विझला, पुन्हा लागला. लॅपटॉप गोल गोल फिरला आणि जोडला गेला. अकराला सात मिनिटं कमी होती.

"झालं आई!" रागिणीनं हाक मारली.

आशाबाईंनी कागद ठेवले, पदर सारखा केला, कानाला हेडफोन लावला आणि दार लोटून घेतलं. खुशालराव आणि रागिणी ओसरीत खिडकीखाली बसले. आतून आशाबाईंचा आवाज येऊ लागला. प्रकल्प भाजी विकणाऱ्या बायकांच्या दिवसावर होता. पहाटे तीनला उठण्यापासून त्या सांगत होत्या, न अडखळता, बाजारात गिऱ्हाइकाशी बोलतात तशा. खुशालरावांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. त्यांची छाती फुगत चालली होती.

दहा मिनिटं गेली आणि आतून आवाज आला, "मॅडम? मॅडम, ऐकू येते काय? मॅडम, तुमी थांबल्या वाटते."

रागिणीनं दार किलकिलं करून पाहिलं. मॅडमचं तोंड पडद्यावर उघडं राहिलेलं आणि तसंच थिजलेलं. ती वळली. "नेट रांगून राहिलं बाबा. सगळे एकदमच पाहत असतीन."

"मंग यादीतून सगळ्याइले काढ!"

"आता यादीले हात लावला की राउटर बंद होऊन चालू होते. परीक्षाच तुटन."

खुशालराव उठले. चप्पल न घालता ओट्यावर आले. क्षणभर उभे राहिले. एवढे दिवस जपलेलं गुपित समोर सगळ्या गल्लीत पसरलेलं होतं, एकेका घरात एकेक. मग विहिरीवरून चार वावरांपलीकडे हाक जाते त्या आवाजात ते ओरडले.

"अर्धा तास नेट सोडा! मनकर्णाबाई, कीर्तन बंद कर वं! गंगूबाई, तुमचं बी! देवीदास! दीक्षा! अर्धा तास बारी आशाबाईची हाय! परीक्षा हाय तिची! मी मागून राहिलो!"

मग मनकर्णाबाईंच्या घरातलं कीर्तन ऐन अभंगात थांबलं. गंगूबाई हातात सुई घेऊन दारात आल्या, मनकर्णाबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजे तुमाले बी?" मनकर्णाबाई म्हणाल्या, "मले तं म्हने, फक्त तुमालेच देल्लं, कोनाले सांगू नोका." देवीदास दुकान सोडून आले आणि तेही हेच म्हणाले. दीक्षा मागच्या आळीतून धावत आली. पाच मिनिटांत सगळी गल्ली ओट्यापाशी जमली होती, मोबाइल बंद करून हातात धरलेली, आणि दोन वर्षं प्रत्येकानं एकट्यानं जपलेलं गुपित एकमेकांना सांगून तोंडाला पदर लावून हसत होती. खुशालराव कान लाल करून उभे होते. हसा, पण हळू हसा, अशी खूण करत होते.

धर्मेंद्रच्या घराचं दार मात्र बंद होतं. त्या नावाची हाक खुशालरावांच्या तोंडून निघाली नव्हती. त्यांनी बंद दाराकडे एकदा पाहिलं, मग सरळ चालत गेले आणि कडी वाजवली. दार धर्मेंद्रनंच उघडलं.

"अपेक्षाचं नेट अर्धा तास बंद ठेवतं काय, भौ?" खुशालराव म्हणाले. "आशाची परीक्षा हाय."

आठ वर्षांत पहिल्यांदा बोललेलं वाक्य ते हेच. धर्मेंद्रला आपल्या पोरीच्या नेटचा उगम आत्ता कळत होता. त्यानं मागे वळून "अपेक्षा, बंद कर ते!" म्हणून हाक दिली आणि पायांत चपला सरकवल्या. "चाल, कुठी हाय परीक्षा?" म्हणत तोही निघाला आणि त्याच्यामागून अपेक्षाही.

तिघं ओट्याशी पोचले तेव्हा आतून आवाज येत होता. "हो मॅडम, आता स्पष्ट दिसते. नाही, बाहेर भांडण नाही मॅडम. आमच्या गल्लीत असंच बोलतात." गंगूबाईंनी तोंडात पदर कोंबला. मग आशाबाई पुन्हा सांगू लागल्या, आणि या वेळी सगळी गल्ली खिडकीखाली बसून ऐकत होती.

साडेअकराला दार उघडलं. आशाबाई बाहेर आल्या, हेडफोन हातात. समोर एवढी माणसं पाहून बिचकल्या.

"कसं झालं वं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"झालं. मॅडम म्हनाल्या, तुमी पास हाय, मार्क मागून कळतीन."

दीक्षानं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. रागिणीनं आईला मिठी मारली, अपेक्षानं वाकून नमस्कार केला. खुशालराव मागे, खांबाला टेकून उभे होते. आज मोटर पाहायला शेतात जायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. गल्ली थोडी शांत झाली तसे ते पुढे आले.

"आशा, लॅपटॉपचा दोष नव्हता. तुयी बारी म्याच दुसऱ्याले देऊन टाकली होती. अन् तवा, लग्नाच्या वखती बी मी बोलाले पायजे होतं. बाबा आयकले असते. मी बोललोच नाई. मले आजवर त्याची लाज वाटते."

आशाबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

"मायी बारी तुमी आजवर कोनाकोनाले देल्ली, ते मोजाले बसली तं दिवस मावळन," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबाले देल्ली, पोराइले देल्ली, ढोराइले देल्ली. मले वाटे, या मानसाले मायासाठी मागताच येत नाई." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "आज आतून आयकलं म्या. मॅडम थांबल्या होत्या, पन तुमचा आवाज येत होता. चांगला खनखनीत मागता की!"

धर्मेंद्र घसा खाकरून म्हणाला, "वयनी, च्या होऊन जाऊ दे आता." आशाबाई आत वळल्या तर खुशालरावांनी हातानंच थांबवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. आतून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. साखरेचा डबा कोणता, हे त्यांना बत्तीस वर्षांत कधी पाहावं लागलं नव्हतं, आणि ओट्यावर पाय पसरून बसलेल्या आशाबाईंनी तो सांगितला नाही.